गिरमिटाचा क्रमांक आणि कोकणातले गाव : मॉरिशसच्या मराठी घराण्यांचा मूळशोध

मॉरिशसमधल्या मराठी घराण्याचा माग काढत मागे गेले, की चार-सहा पिढ्यांनंतर तो एका क्रमांकापाशी येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई, कलकत्ता किंवा मद्रास बंदरातून करारावर, म्हणजे गिरमिटावर, आलेल्या मजुराला पोर्ट लुई येथे उतरल्यावर एक क्रमांक मिळे आणि तो मरेपर्यंत त्याच्याबरोबर राही. मालक बदलला, मळा बदलला, लग्न झाले, मूल झाले, तुरुंगवास घडला, मृत्यू आला, तरी सरकारी कागदावर माणूस त्या क्रमांकानेच ओळखला जाई. कुटुंबाच्या आठवणीत मात्र क्रमांक सहसा उरलेला नसतो. तिथे कथा असते: पणजोबांचे वडील दोन भावांसह निघाले, बंदरावर ताटातूट झाली, त्यांना सोन्याच्या देशाचे आमिष दाखवले गेले, ते बंडात होते म्हणून पळाले, साहेबाने त्यांचे आडनाव बदलले. हौशी वंशशोधकाचे काम या कथेपासून त्या क्रमांकापर्यंत आणि क्रमांकापासून कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या वाडीपर्यंत जाण्याचे आहे.

मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते आणि ते भारतातून आणण्याची व्यवस्था त्याआधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर आले. ही तारीख आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीची आहे. सुरुवातीच्या भरतीतील गैरप्रकारांमुळे ती काही वर्षे बंद पडली. १८४२ च्या कायद्याने ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा उघडली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालली. एकूण सुमारे साडेचार लाख माणसे आली. बरीच परत गेली, बाकीची राहिली. त्यांतला मोठा भाग बिहार आणि उत्तर भारतातला होता. मुंबईमार्गे आलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांचे येणे मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांतले. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा, सातारा, कोल्हापूर या भागांतील मराठी माणसे होती. शोधाच्या दृष्टीने हा काळ फार मोलाचा आहे. बहुतेक मराठी घराण्यांचा मूळपुरुष या पंचवीस-तीस वर्षांच्या पट्ट्यातच शोधावा लागतो.

या पट्ट्याच्या आधीचीही काही माणसे होती, आणि कुटुंबांच्या कथांत त्यांचा उल्लेख कमी येतो. १८१५ पासून मुंबई आणि बंगाल इलाख्यांतले जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला रस्ते बांधण्यासाठी पाठवले जात. ही पद्धत १८३० च्या दशकापर्यंत चालली. आपला पूर्वज साखळदंडात आला होता असे एखाद्या घरात कुजबुजत सांगितले जात असेल, तर ती कथा हसण्यावारी नेऊ नये. कैद्यांच्या नोंदी मजुरांच्या नोंदींपासून वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच ठिकाणी शोधाव्या लागतात.

मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. या दफ्तराचा समावेश २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाला. माणसे ज्या घाटावर उतरली ते पोर्ट लुईमधील आगार, म्हणजे आजचा आप्रवासी घाट, २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. नोंदवहीतील एका ओळीत मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज, आगमनाची तारीख आणि पहिला मालक असे बरेच काही मिळू शकते. सर्व रकाने भरलेले असतातच असे नाही. जुन्या वर्षांच्या नोंदी त्रोटक आहेत आणि गावाच्या जागी नुसते जिल्ह्याचे नाव लिहून कारकून पुढे सरकल्याचे वारंवार दिसते.

या दफ्तरातली छायाचित्रे वंशजांना सर्वांत प्रिय असतात, आणि ते स्वाभाविक आहे. पणजोबांचे कोणतेही दुसरे चित्र जगात नसते. पण ही छायाचित्रे कशासाठी काढली गेली हे शोधकाला ठाऊक असायला हवे. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. रस्त्यात पोलिसाने मागितल्यावर तो दाखवता आला नाही, तर भटकेपणाच्या आरोपाखाली अटक होई. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या पुढाकाराने ९,४०१ मजुरांनी अर्ज केला, आणि त्यातून चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. त्या चित्रातला ताठरलेला चेहरा असा परवान्यासाठी बसवलेल्या माणसाचा आहे. कालमापनासाठीही ही गोष्ट उपयोगी पडते. १८५० मध्ये उतरलेल्या रत्नागिरीच्या तरुणाचे छायाचित्र सापडले, तर ते बहुधा आगमनानंतर पंधरा-वीस वर्षांनी काढलेले असते. त्यातले वय आणि नोंदवहीतले वय जुळत नाही म्हणून माणूस दुसरा ठरवण्याची घाई करू नये.

क्रमांकापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र उलट दिशेने, आजपासून मागे जाते. मॉरिशसवर आधी फ्रेंचांची सत्ता होती, आणि जन्म, विवाह, मृत्यूच्या दाखल्यांची तिथली फ्रेंच वळणाची व्यवस्था इंग्रजी अमलातही टिकली. ही शोधकाला मिळालेली मोठी देणगी आहे. स्वतःच्या जन्मदाखल्यावरून आईवडिलांचा विवाहदाखला, त्यावरून आजीआजोबांचे जन्मदाखले, अशी साखळी जोडत जावे लागते. जुन्या दाखल्यांत आलेल्या माणसाच्या नावापुढे त्याचा क्रमांक अनेकदा लिहिलेला असतो. महात्मा गांधी संस्थेलाही वंशजाकडून ही दाखल्यांची साखळीच हवी असते. नुसत्या नावावरून शोध घेणे फोल ठरते, कारण रामा, बाबाजी, लक्ष्मण, सखाराम या नावांची माणसे दर जहाजात असत.

साखळी तुटण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. हिंदू पद्धतीने लागलेले लग्न सरकारदरबारी नोंदवले नसेल, तर दीर्घकाळ ते कायदेशीर मानले जात नसे. अशा जोडप्याचे मूल कागदावर केवळ आईच्या नावाने येई. बापाचे नाव शोधणारा तिथे अडखळतो आणि घरातल्या कोणाला तरी त्यात कलंक दिसू लागतो. त्यात कलंक काही नाही. देवाब्राह्मणांसमोर लागलेले लग्न ओळखायला तेव्हाचा कायदा तयार नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी तूट १८६६-६८ च्या मलेरियाच्या साथीची. घरेच्या घरे ओस पडली, पोरकी मुले शेजाऱ्यांनी वाढवली, आणि वाढवणाऱ्याचे नाव त्यांना चिकटले. तिसरी तूट नावाचीच. तीत थोडे खोल जावे लागेल.

मराठी माणूस स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव असे तिहेरी नाव सांगतो, ही आजची समजूत. १८५० च्या सुमाराचा कोकणातला कुणबी किंवा महार मजूर कारकुनापुढे उभा राहून फक्त ‘बापू’ म्हणे, बापाचे नाव विचारल्यावर ‘सोनू’ म्हणे. गावात आडनावाची गरज क्वचित पडे. तिथे माणसाला वाडी, भावकी आणि मान यांवरून ओळखत. मॉरिशसमध्ये पुढच्या पिढीला आडनाव लागले, तेव्हा आलेल्या माणसाचे पाळण्यातले नावच घराण्याचे आडनाव झाले. फ्रेंच आणि इंग्रजी कानांनी ते ऐकले आणि हवे तसे लिहिले, त्यामुळे सख्ख्या भावांची मुले वेगवेगळ्या आडनावांची झाली. ‘साहेबाने आडनाव बदलले’ ही कथा इथून येते. बदलायला आडनाव कागदावर नव्हतेच. अमेरिकेत, स्थलांतरितांची तपासणी जिथे होई त्या एलिस बेटाविषयी अशीच कथा हजारो घरांत सांगितली जाते. तिथले तपासनीस मात्र निघण्याच्या बंदरावर तयार झालेल्या प्रवासी यादीवरून नावे ताडून पाहत, नवी नावे देत नसत. दोन्हीकडे नाव बदलले हे खरे. ते एका दिवशी, एका माणसाने बदलले हे खरे नाही. वंशजाने म्हणून मूळ गावात आपले आजचे आडनाव शोधत फिरू नये. ते तिथे सापडणार नाही, आणि सापडलेच तर ती बहुधा निव्वळ योगायोगाची गाठ असेल.

घरातल्या आख्यायिकांचीही अशीच तपासणी करावी लागते. त्या खोट्या म्हणून टाकून देणारा शोधक धागाच तोडतो. आणि त्या जशाच्या तशा खऱ्या मानणारा वंशावळीत हवे ते रचत जातो. पहिली कसोटी तारखेची. पूर्वज १८५७ च्या उठावातले शिपाई होते, असे अनेक गिरमिटिया घराण्यांत सांगितले जाते. उठावानंतरच्या दोन वर्षांत मॉरिशसला येणाऱ्यांची संख्या खरोखरच फुगली होती, त्यामुळे कथेला आधारच नाही असे म्हणता येत नाही. पण नोंदवहीत पूर्वजाचे आगमन १८५२ चे निघाले, तर प्रश्न मिटला. मराठी घराण्याच्या बाबतीत इथे आणखी एक शक्यता पाहायला हवी. १८४४-४५ मध्ये कोल्हापूर आणि सावंतवाडी भागांत गडकऱ्यांचे, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीचे, बंड झाले होते, आणि मुंबईहून जहाजे सुटू लागली तीही याच सुमारास. बंडाची आठवण खरी आणि सालाचे नाव मागाहून, शाळेच्या पुस्तकातून चिकटलेले, असे होऊ शकते. हे सिद्ध करायला गावाचे नाव आणि आगमनाची तारीख दोन्ही हवीत. त्याआधी ते अनुमानच राहते.

दगडाखाली सोने सापडेल असे सांगून माणसे नेली, ही कथा भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांत सर्वदूर आहे. तिचा कागदी पुरावा शोधण्यात अर्थ नाही. पण ज्वालामुखीच्या खडकाने भरलेली जमीन उसासाठी मोकळी करताना दगड उलथण्याचे काम खरोखरच मजुरांच्या वाट्याला आले, आणि शेतांत रचलेल्या काळ्या दगडांच्या राशी आजही उभ्या आहेत. कामाची आठवण आमिषाच्या कथेत मिसळून टिकली आहे.

फसवून किंवा पळवून नेल्याची कथा अधिक सावधपणे पाहायला हवी, कारण फसवणूक झाली हे निश्चित आहे, फक्त प्रत्येकाची झाली असे नाही. भरतीच्या अभ्यासातून दिसते, की करार संपवून परतलेले मजूर स्वतःच मुकादम होऊन आपल्या गावकऱ्यांना आणि नातलगांना घेऊन पुन्हा निघत. कोकणातल्या खोती गावांत कुळाला धान्याचा मोठा हिस्सा खोताला द्यावा लागे. वरकस जमिनीवर नाचणी-वरीपलीकडे फारसे पिकत नसे. मुंबईला, पलटणीत किंवा आगबोटीवर जाणे हा तिथल्या कष्टकऱ्यांचा जुना मार्ग होता. मॉरिशस हा त्याच मार्गावरचा दूरचा टप्पा होता. माहितीच्या माणसाबरोबर, विचार करून निघालेला पूर्वज कथेत पळवून नेलेला होतो, कारण मागे राहिलेल्या आईबापांना सोडल्याचा सल त्यात झाकला जातो. असा अर्थ लावण्यात पूर्वजाचा अपमान नाही. उलट त्याच्या निर्णयाला, त्याच्या धाडसाला जागा मिळते.

दोन किंवा तीन भावांच्या ताटातुटीची कथा तपासणे मात्र शक्य आहे, आणि तीच शोधाची सर्वांत उपयोगी रीत शिकवते. क्रमांक रांगेने दिले जात, आणि एकत्र निघालेली माणसे रांगेत एकत्र उभी राहत. म्हणून पूर्वजाची एकच ओळ उतरवून थांबू नये. त्याच्या मागच्या-पुढच्या वीस-पंचवीस क्रमांकांची नावे, बापांची नावे आणि गावे उतरवून घ्यावीत. त्यांत बापाचे तेच नाव आणि तेच गाव दिसले, तर हरवलेला भाऊ सापडतो. पूर्वजाच्या नोंदीत गावाचे नाव वाचता येत नसेल, तर शेजारच्या ओळीत ते स्वच्छ लिहिलेले असू शकते. विवाहाचे साक्षीदार आणि जमीनखरेदीतले भागीदारही एकाच जहाजातून आलेल्या या जहाजभावांतून निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळ्यांचे तुकडे पाडून विकले गेले, तेव्हा मजुरांनी साठवलेल्या पैशांतून जमिनी घेतल्या. नोटरींच्या त्या दस्तांत नातेसंबंध नेमकेपणाने लिहिलेले असतात.

या नोंदवह्यांचे एक मोल मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावे. मराठीत घराण्यांच्या वंशावळी आणि कुलवृत्तांत लिहिण्याची परंपरा शतकभराहून जुनी आहे, आणि तिच्यामागे हौशी माणसांचेच कष्ट आहेत. पण त्या वंशावळींत बापाखाली मुलगा, त्याखाली नातू. स्त्रिया आल्या तर ‘पत्नी’ म्हणून, अनेकदा माहेराविना. गिरमिटाच्या नोंदवहीत मात्र करारावर आलेल्या बाईला स्वतःचा क्रमांक आहे, स्वतःच्या बापाचे नाव आहे, स्वतःचे गाव आहे. सहा पिढ्या मागे गेले, की माणसाला चौसष्ट पूर्वज असतात. घरातली कथा त्यांतला एक, बहुधा बापाच्या बाजूचा, लक्षात ठेवते. उरलेल्या त्रेसष्टांत तेलुगू, तमिळ, भोजपुरी माणसे असण्याची शक्यता पुष्कळ, कारण मुंबईहून आलेल्यांचा समाज लहान होता. ज्याला आपले घराणे मराठी म्हणून शोधायचे आहे, त्याने आज्यांच्या ओळीही तितक्याच निष्ठेने शोधाव्यात. ते न करता काढलेली वंशावळ अर्धीच असते.

जातीचा रकाना हा या शोधातला सर्वांत अवघड भाग. कुटुंबात सांगितलेली जात आणि नोंदवहीतली जात वेगळी निघते, आणि कधी त्यावरून घरात अबोला येतो. ती नोंद म्हणजे विचारणाऱ्या कारकुनाने जे ऐकले, समजून घेतले आणि लिहिले ते. सांगणाऱ्यालाही समुद्र ओलांडताना जुनी ओळख मागे टाकण्याचे पुरेपूर कारण होते. नोंद जशी आहे तशी उतरवावी, तिच्यावरून कोणाची प्रतिष्ठा वाढवू नये आणि घटवूही नये. मूळ गावातली योग्य वस्ती ओळखण्यापुरता तिचा उपयोग होतो, आणि तेवढा करावा.

गावाच्या नावापाशी आल्यावर काम महाराष्ट्रात येते, आणि इथे नकाशाचा इतिहास ठाऊक नसेल तर शोध भलत्याच तालुक्यात भरकटतो. नोंदीतला ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे आजचा रत्नागिरी नव्हे. मालवण, देवगड, वेंगुर्ले त्यातच होते, आणि सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होते. सातारा १८४८ पर्यंत छत्रपतींचे राज्य होते, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातली कितीतरी गावे पुढे साताऱ्यात मोडत. कुलाब्याचे नाव आता रायगड आहे. त्यातच एकाच नावाची गावे तीन-तीन तालुक्यांत. घाटावरची काही गावे कोयनेच्या जलाशयाखाली गेली आणि तिथली माणसे दुसऱ्या जिल्ह्यांत वसली, त्यामुळे गाव पाण्यात आणि भावकी शंभर मैलांवर, अशीही स्थिती होते.

गाव निश्चित करायला कधी कागदापेक्षा रीतीभाती उपयोगी पडतात. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत गणेशोत्सवात नाचली जाणारी ‘झाकरी’ ही कोकणातल्या जाखडीचीच बहीण आहे. घरात पुजला जाणारा कुलदेव, लग्नातले देवक, नैवेद्याची पद्धत, गाऱ्हाण्यात घेतली जाणारी ग्रामदेवतेची नावे हे सगळे टिपून ठेवण्याजोगे असते. थोरल्या माणसांना ‘आपण कोण?’ असे विचारून फार हाती लागत नाही. ‘आजी कोणत्या देवाला नारळ द्यायची?’ असे विचारले तर लागते.

गावात गेल्यावर मजुराचे स्वतःचे नाव मिळण्याची आशा थोडी ठेवावी. तो गेला तेव्हा कोकणातल्या बऱ्याच भागात जमिनीची पाहणी व्हायची होती. खोतीचा कायदा १८८० चा, आणि त्यानंतरच्या बोटखतांत, म्हणजे खोती गावांच्या हक्कनोंदींत, कुळांची नावे येतात ती मागे राहिलेल्या भावांची किंवा त्यांच्या मुलांची. महार कुटुंबांच्या बाबतीत वतनाच्या नोंदी हा एक चांगला आधार आहे, कारण १९५० च्या दशकाअखेर वतने रद्द होईपर्यंत हक्कदारांच्या पिढ्या त्यांत लिहिल्या गेल्या. जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे कोतवाल बुक, काही तालुक्यांत चांगले जपलेले आहे, तर काही ठिकाणी वाळवीने खाल्ले आहे. जुने कागद मोडीत असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या सरकारी शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली, आणि त्याचा लाभ परदेशातून येणाऱ्या वंशजालाही होतो. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर आणि काशी येथल्या उपाध्यायांच्या नामावळ्या, दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी राखणाऱ्या हेळव्यांच्या चोपड्या हेही पाहावे, जरी यात्रेला न गेलेल्या गरीब घराची नोंद तिथे क्वचितच असते. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात स्थलांतराविषयीचा सरकारी पत्रव्यवहार मिळतो. त्यात मजुराचे नाव बहुधा नसले, तरी त्याचे जहाज कोणत्या परिस्थितीत सुटले ते कळते.

परदेशातून आलेला पाहुणा सातबारा आणि फेरफार मागू लागला, की गावात पहिली शंका जमिनीच्या वाट्याची येते. ती रास्त आहे. भावकीच्या वादांत गावांनी पुष्कळ भोगले आहे. म्हणून आपला हेतू आधी वडीलधाऱ्यांपुढे, देवळात किंवा ग्रामपंचायतीत उघड सांगावा, आणि कागदांची मागणी नंतर करावी. मार्च २०२४ मध्ये भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याची घोषणा झाली. त्यासाठी वंशाचा पुरावा लागतो, म्हणून असे पाहुणे यापुढे अधिक येतील.

जनुकीय चाचणी हा अलीकडचा मार्ग. तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. सहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी चौसष्टावा, आणि काही वेळा शून्यही असतो. आपल्याकडे लग्ने पिढ्यान्पिढ्या मोजक्या घराण्यांत होत आली, त्यामुळे दूरचे लोक चाचणीत जवळचे दिसतात. शिवाय चाचणी केलेली माणसे खेड्यांत थोडी. बापाच्या सलग ओळीचे गुणसूत्र गावातल्या संभाव्य भावकीशी ताडून पाहणे, एवढ्या नेमक्या प्रश्नासाठी ती उपयोगी आहे, आणि तीही समोरच्याच्या पूर्ण संमतीने.

शोध कोणत्याही टप्प्यावर थांबला, तरी तो लिहून ठेवावा. प्रत्येक विधानापुढे ते दाखल्यावरून, नोंदवहीवरून की ऐकीव, हे नमूद करावे. कथा कोणी सांगितली, त्या माणसाचे वय तेव्हा काय होते आणि त्याने ती कोणाकडून ऐकली, तेही लिहावे. चुकीची ठरलेली कथा खोडू नये. कोणत्या पुराव्याने ती ढळली ते तिच्याशेजारी लिहावे, कारण पुढच्या पिढीला दुसरा पुरावा मिळू शकतो. लेखाची एक प्रत मॉरिशसमधल्या कुटुंबाकडे, एक महात्मा गांधी संस्थेकडे आणि एक मराठीतून लिहिलेली प्रत मूळ गावाच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात द्यावी, म्हणजे मागे राहिलेल्या भावाच्या वंशजांनाही तिच्यात आपल्या बाजूची नावे भरता येतील.